रिकाम्या दिवसांचं गरम पाणी

३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

आम्ही दोघी ठीक. तुम्ही चौघंही ठीक असाल असं धरून चालते, कारण हल्ली तुझा फोन येतो तो फक्त पाण्याची चौकशी करायला, माणसांची खबर त्यात कुठून कळणार?

पत्र बघून चमकशील. पण फोनवर तू 'पटकन बोल' म्हणतोस, आणि पटकन बोलायला गेले की माझं गाडं घसरतं. शिवाय आमच्या या मागच्या दोन खोल्यांत फोन वाजला की आई कान टवकारते. मी एक वाक्य बोलले की ती हातवारे करून पुढची दोन सुचवते. म्हणून शांतपणे बसून लिहिते आहे. शांतपणे म्हणजे जमेल तेवढं.

तुझ्या त्या स्विमिंग पूलनं माझ्या नाकी नऊ आणलेत. आई त्याला हौद म्हणते, तेच बरं आहे, मीही तेच लिहिते. घर सुट्टीवर येणाऱ्या लोकांना भाड्यानं द्यायचं ठरलं तेव्हा तू म्हणालास, नुसत्या घराला कोण विचारतंय, गरम पाण्याचा हौद पाहिजे. बांधलास. जाहिरातीत लिहिलंस, 'बारा महिने गरम पाणी'. लिहिणारा तू, आणि बारा महिने लोकांना तोंड देणारी मी.

शनिवारच्या कुटुंबाची तक्रार तू वाचलीस, पण झालं काय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यातले वडील चांगले धिप्पाड. आल्या आल्या बॅगा तशाच टाकून, मुलांना 'बघा रे आता' म्हणत त्यांनी धावत जाऊन उडी मारली. जेवढ्या जोरात आत गेले त्याच्या दुप्पट जोरात बाहेर आले. मग टॉवेल गुंडाळून, दात वाजवत, माझ्या दारात. "बाई, जाहिरातीत गरम पाणी लिहिलंय." मी म्हटलं, "काल गरम होतं हो." म्हणाले, "काल आम्ही नव्हतो." मी त्यांना चहा करून दिला. तो मात्र गरम होता, हे त्यांनी तक्रारीत लिहिलेलं दिसत नाही.

त्यानंतर तू मला फोनवर अर्धा तास धारेवर धरलंस. पाणी तापवायचं यंत्र नीट बघत नाहीस, झाकण घालत नाहीस, लक्ष कुठे असतं तुझं. दादा, मी इथली मॅनेजर आहे, धोबीण आहे, माळी आहे, आणि पाहुण्यांच्या मुलाचा चष्मा हौदात पडला तर पाणबुडीही आहे. लक्ष सगळीकडे असतं, म्हणूनच कुठे राहत नाही.

पाणी का गार पडतं ते नीट ऐक. एक म्हणजे झाकण. ते निळं, फुग्याफुग्यांचं झाकण संध्याकाळी पाण्यावर पसरलं तर पाण्याची ऊब आत राहते. पण पाहुण्यांना वाफ बघायची असते. खुर्च्या टाकून बसतात, "काय छान वाफ येतेय नाही?" म्हणतात. अरे, ती वाफ म्हणजे दिवसभर तापवलेलं सगळं वर चाललंय! मी झाकण घालायला गेले की माझ्याकडे असं बघतात, जणू मी सिनेमा चालू असताना पडदा ओढलाय. दुसरं म्हणजे भिंतीवरची, यंत्राच्या कळांची ती कळपट्टी. आकडा जितका वर नेऊ तितकं लवकर तापेल असा जगभर समज आहे. येणारा प्रत्येक जण तो आकडा शेवटपर्यंत नेऊन ठेवतो, आणि यंत्र बिचारं कोपऱ्यात पंखा फिरवत कण्हत बसतं. त्यात वारा. तू बांधतानाच कुंपण आणखी उंच करायला हवं होतंस, पण तेव्हा तुला 'व्ह्यू' हवा होता.

आता मुद्द्याचं. पाहुणे नसतात त्या दिवशी तू तिथून मोबाइलवर यंत्र बंद करतोस, ते करू नकोस. पाणी एकदा गार पडलं की पुन्हा तापायला दोन दिवस जातात. त्यापेक्षा चालूच राहू दे. तू म्हणतोस, रिकाम्या घरात पाणी कुणासाठी तापवायचं? असू दे ना. यंत्रालाही सवय राहते, असं समज.

आई मजेत आहे. तुझ्या धाकट्या पिल्लासाठी स्वेटर विणते आहे, बाह्यांपर्यंत आलाय. ऑपरेशननंतर गुडघे कसे आहेत, विचारलं होतंस. ती म्हणते छान आहेत. ती म्हणते ते लिहिलं.

वहिनींना सांग, पडदे मिळाले, रंग चांगला आहे.

तुझी,
धाकटी


१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तू फोनवर बोललास ते सगळं ऐकून घेतलं. म्हणजे दुसरं काही करायला वावच नव्हता.

तुझा मेकॅनिक येऊन गेला. भला माणूस. यंत्र उघडलं, पुसलं, बंद केलं, आणि म्हणाला, "मशीन एकदम ठणठणीत आहे. हिला दोन मालक आहेत का?" मी हसून वेळ मारून नेली. पण तो तुलाही तेच सांगणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सांगितलंन. रिकाम्या दिवशी कुणीतरी हातानं कळ दाबून यंत्र चालू करतं, अशी त्याची खात्री आहे म्हणे. कोण करतं, असं तू विचारलंस, मी 'बघते' म्हणाले. बघते आहे.

त्यावर तू काढलेला तोडगा मात्र अजबच. हौदच बुजवायचा! माती भरायची, वर लाकडी ओटा करायचा, छत्री लावायची, म्हणजे 'डोक्याला ताप नको'. दादा, एखाद्याचं डोकं दुखतंय म्हणून डोकंच काढून ठेवतात का?

मी रविवारी बसून विचार केला आणि हौद का ठेवावा याची कारणं काढली. मुलं असलेली कुटुंबं हौद बघूनच येतात. ओटा सगळ्यांकडे असतो. खणून ठेवलेल्या जागेत पाणी झिरपत राहील आणि ओटा कलेल. बागेला लागतं तेव्हा मी त्यातलं पाणी... नाही, त्यात औषध असतं, ते बागेला चालत नाही, हे खोड. आग लागली तर उपयोगी पडेल. हे शेवटचं वाचून तू हसशील. हस. पण बुजवू नकोस.

झाकण मी आता स्वतः जाऊन घालते, कुणी काही म्हणो. कळपट्टीवर मी प्लॅस्टिकची पेटी बसवून तिला कुलूप लावलंय. पाण्याबद्दल पुन्हा तक्रार आली तर माझं नाव बदल. एक वर्ष दे. वर्ष नको, हा हिवाळा दे.

आईला तुझा बेत सांगितला. "त्यानं एवढं सगळं उभं केलंय, त्याला ठरवू दे," म्हणाली. मग जेवली नाही. भूक नाही म्हणाली. सकाळीही नव्हती.

तू मला हट्टी म्हणालास. लहानपणापासून म्हणत आलायस, त्यात नवीन काही नाही. पण मी उगाच कशाचा हट्ट धरत नाही, एवढं तरी तुला माहीत असायला हवं. एवढी चिडचिड होते ना माझी, की कपडे वाळत घालतानाही मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत असते. आणि त्यात तू जिंकतोस, कारण मला जे बोलायचं असतं ते मी तिथेही बोलत नाही.

स्वेटर पूर्ण झाला. आता मोठ्यासाठी घेतलाय.

तुझी,
धाकटी


२ डिसेंबर

दादा,

आज खुशाली राहू दे. काल तू फोनवर जे बोललास त्यानंतर मी आधी बाहेर फाटकापाशी जाऊन उभी राहिले आणि तुला परत फोन लावला. 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून तू कापलास. घरात बोलता येत नाही, कारण घरात आई आहे. म्हणून हे लिहून आजच कुरियरनं पाठवते आहे. उद्या तुझ्या हातात पडेल. उभ्यानं वाचू नकोस.

तू म्हणालास, ओट्याचं माप घ्यायला पाठवलेल्या सुताराला हौदात एक म्हातारी बाई दिसली. त्यानं विचारल्यावर ती म्हणाली, मी इथे पाहुणी आहे, दोन दिवसांसाठी आलेय. आणि तुझ्याकडे त्या दिवशी कुणाचंच बुकिंग नव्हतं. मग तू मला विचारलंस, "रिकाम्या दिवशी परस्पर माणसं ठेवतेस का? म्हणून तुला पाणी गरम पाहिजे होय?" मी गप्प राहिले. आई समोर खुर्चीत होती आणि माझ्यापुढे हात जोडत होती. माझ्या गप्प राहण्याचा तुला हवा तो अर्थ तू घेतलास आणि फोन ठेवलास. माझ्या सख्ख्या भावानं मला चोर ठरवलं आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. तुला सांगते, असा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

तर ती पाहुणी कोण होती ते ऐक. ती आपली आई होती.

मी चादरी वाळत घालायला चार पावलं मागे गेले होते, तेवढ्यात तुझा सुतार बाजूच्या दारातून टेप घेऊन आत आला. "आजी, तुम्ही इथल्याच का?" असं त्यानं साधंच विचारलं. ती घाबरली. हा तुझा माणूस, हा तुला सांगणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं. बाबांनी बांधलेल्या घराच्या अंगणात, पाण्यात उभी राहून ती म्हणाली, मी पाहुणी. तो गेल्यावर मला हे सांगताना ती हसत होती, बघ कशी थाप मारली म्हणून. मला हसू आलं नाही.

दादा, तिचं ऑपरेशन फसलंय. आता लिहिलंच आहे तर सरळ लिहिते. ती चालू शकत नाही. पलंगापासून न्हाणीपर्यंत मला धरून जाते, आणि जाताना ओठ चावते. तू येतोस तेव्हा ती नेहमी खुर्चीत बसलेली असते, मांडीवर लोकर असते, हे तुझ्या कधी लक्षात आलं का? तुझी गाडी यायच्या आधी मी तिला तिथे बसवते. मांडीवर विणकाम असलं की 'ऊठ आई, चालून दाखव' असं कुणी म्हणत नाही, ही तिची युक्ती. तू दोन तास बसतोस, आई कशी मजेत बसलीय म्हणतोस, आणि जातोस. तू फाटकाबाहेर पडलास की ती डोळे मिटून घेते. घरात इतके स्वेटर झालेत की पिल्लांना कॉलेजपर्यंत पुरतील.

मी कितीदा म्हटलं, दादाला सांगू या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या. ती ऐकत नाही. "त्यानं माझ्यासाठी काय नाही केलं?" म्हणते. आणि केलंस तू, मी नाही म्हणत नाही. तिची तयारी नव्हती, तू समजावलंस, डॉक्टर शोधलास, हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपलास, तिला हातानं भरवलंस. घरी आणलंस तेव्हा सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलंस, आई आता पळायला लागेल. तुझा तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढून जात नाही. तो उतरलेला तिला बघायचा नाही, म्हणून ती रोज त्रास सोसते, आणि मी रोज तुझ्याशी खोटं बोलते. तुम्ही दोघं एकमेकांना जपता आणि मधल्या मध्ये भरडली जाते मी.

हौदाचं सांगते. पाहुणे गेल्यावर एकदा तिला पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. पायरीवर बसवलं. पाणी छान कोमट होतं. ती एक पायरी खाली सरकली, मग आणखी एक. मी 'अगं, अगं' करत तिचा दंड धरायला गेले तर तिनं माझा हात झटकला. छातीपर्यंत पाण्यात गेली आणि चालायला लागली. कुणालाही न धरता, दादा. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तिथून मला म्हणाली, "बघत काय बसलीस, टॉवेल आण!" किती दिवसांनी ती मला ओरडली होती. मी टॉवेल आणायला गेले आणि आत जाऊन रडले.

तेव्हापासून पाहुणे नसले की मी तिला सकाळी उतरवते. पाण्यात तिचं वजन तिच्या गुडघ्यांवर येत नाही, म्हणून तिला चालता येतं. पण पाणी गरम लागतं. एकदा तू बंद करून ठेवलं होतंस आणि ती हट्टानं गार पाण्यातच उतरली, तर गुडघे असे धरले की चार दिवस पलंगावरून हलली नाही. म्हणून तू तिथून बंद केलंस की मी इथून कळ दाबून चालू करते. मेकॅनिकला सापडलेला दुसरा मालक मीच.

आणि त्या धिप्पाड माणसाला गार पाणी का लागलं तेही आता सांगून टाकते. मी हातानं कळ दाबली की तू मोबाइलवर लावलेलं वेळापत्रक पुसलं जातं, हे मला मेकॅनिककडून कळलं. मी चालू करायचे, तू चिडून बंद करायचास, आणि पाहुणे यायच्या आधी ते आपोआप चालू होईल म्हणून निर्धास्त राहायचास. ते कशानं होणार? तुला वाटायचं यंत्र बिघडलंय, मला वाटायचं वारा आहे. आपण दोघांनी मिळून पाणी गार केलं.

आईचं हे सगळं मी तुला पहिल्याच पत्रात लिहू शकले असते. आईनं शपथ घातली होती, म्हणून नाही लिहिलं. आज ती शपथ मोडते. तिला वाईट वाटलं तर मी बघून घेईन.

शनिवारी तुझी माणसं माती घेऊन येणार आहेत. फाटकाला कुलूप असेल. त्यांना परत पाठव, नाहीतर मी पाठवीन, आणि माझं तोंड तुला माहीत आहे.

तू स्वतः ये. येण्याआधी फोन करू नकोस. केलास तर ती आधी खुर्चीत जाऊन बसेल. रिकाम्या दिवशी सकाळी ये, बाजूच्या दारानं ये, आणि हौदाच्या टोकाशी उभा राहा. ती पाण्यातून तुझ्याकडे चालत येईल. आधी तिला चालताना बघ, मग रड, मग काय बुजवायचं ते बुजव. डॉक्टरांचं आपण नंतर बोलू. आणि तिच्यासमोर ऑपरेशनचा शब्द काढू नकोस, माफी तर अजिबात मागू नकोस. तुझ्या माफीनं तिला तिच्या गुडघ्यांपेक्षा जास्त दुखेल.

मला चोर म्हणालास, त्याचं मात्र मला दुखलंय. त्याची माफी माग. ती मला चालेल.

मी काय लिहितेय हे तिला आत्ता सांगितलं. लपूनछपून करायचा कंटाळा आला. तिनं विणायच्या सुया खाली ठेवल्या. मग म्हणाली, "लिहायचंच असेल तर असं लिही, ऑपरेशन चांगलं झालं होतं, माझेच पाय ऐकेनात." तिनं सांगितलं म्हणून लिहिलं. खरं काय ते वर आहे.

एवढं लिहून होईपर्यंत बाहेरचा पंखा थांबला. म्हणजे तू तिथून पुन्हा यंत्र बंद केलंस. आता मी उठून पुन्हा चालू करणार. उद्या पत्र पोचेपर्यंत तू बंद करत राहशील, मी चालू करत राहीन. पोचलं की तू थांब.

पाणी गार व्हायच्या आत ये.

तुझी,
धाकटी